कुठं लिहेल हाये?

आमच्या तालुक्याच्या गावी दर हिवाळ्यात व्याख्यानमाला भरते. वक्ते बहुधा बाहेरचे असतात. एखादा दिवस स्थानिक प्राध्यापकाच्या वाट्याला येतो. काही वर्षांपूर्वी तो दिवस माझ्या वाट्याला आला. विषय होता 'वऱ्हाडचा गावगाडा आणि महार'. आदल्या संध्याकाळी एका नामवंत वक्त्यांचे भाषण झाले होते. प्राचीन काळच्या विमानविद्येपासून ते वर्णव्यवस्थेच्या 'मूळ शुद्ध हेतू'पर्यंत त्यांनी दोन तास सांगितले. 'शास्त्रांत असे म्हटले आहे', 'आपले पूर्वज सांगून गेले आहेत', 'हे आता परदेशातही मान्य झाले आहे' अशी वाक्ये एकामागून एक येत होती. कोणते शास्त्र, कोणता पूर्वज, कोणता परदेश, हे त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. शेवटी टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी चाळीस मिनिटे बोललो. प्रश्नोत्तरांच्या वेळी पहिल्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ उभे राहिले. "सर, शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मानत होते असं तुमी सांगतलं. कुठं लिहेल हाये?" मी रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथाचे नाव सांगितले. "कोन्तं पान?" पान मला सांगता आले नाही. मागच्या रांगांतून थोडा हशा झाला. अध्यक्षांनी "वेळ झाली" म्हणून आभाराचा कागद उघडला.

मी चिडून घरी आलो. पण त्या गृहस्थांचा प्रश्न चुकीचा नव्हता. इतिहासाच्या शिक्षकाने ग्रंथाचे पान सांगितले पाहिजे. मी माझ्या विद्यार्थ्यांना तेच शिकवतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर उमगले की माझा राग त्या प्रश्नावर नव्हताच. हाच प्रश्न, हाच माणूस, याच खुर्चीवर बसून आदल्या दिवशी का उठला नाही, हा माझा राग होता.

त्या दिवसापासून मला एक खोड लागली. वहीच्या मागच्या पानावर मी दोन रकाने आखले. बोलताना कोणी आपण होऊन आधार दिला तर पहिल्या रकान्यात रेघ. कोणाला आधार मागितला गेला तर दुसऱ्या रकान्यात रेघ, आणि पुढे फक्त माणूस कोणत्या वस्तीतला एवढेच. व्याख्याने, वादविवाद स्पर्धा, एस.टी. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवरच्या गप्पा, लग्नाच्या पंगतीतले वाद, सगळीकडे ही वही माझ्याबरोबर फिरली. याला कोणी शास्त्रीय पाहणी म्हणू नये. एका माणसाच्या कानांनी जेवढे ऐकले तेवढेच त्यात आहे. पण पाने भरत गेली तशी एक गोष्ट डोळ्यांत खुपू लागली. पहिला रकाना सगळ्यांच्याच बाबतीत जवळजवळ कोरा होता. आपल्याकडे बोलताना आधार देण्याची रीतच नाही, मग बोलणारा कोणत्याही जातीचा असो. दुसरा रकाना मात्र कोरा नव्हता, आणि त्यातल्या रेघा गावाच्या एकाच बाजूला गोळा झालेल्या होत्या. पाटलाच्या वाड्यावर बोलले गेलेले 'सर्वांना ठाऊकच आहे' या तीन शब्दांवर खपत होते. आमच्या वस्तीतल्या मुलाने तोंड उघडले की त्याला ग्रंथ, साल आणि पान विचारले जात होते.

हे आजचे नाही. आधार न देता बोलणे हा या समाजव्यवस्थेत आळस कधीच नव्हता, तो अधिकार होता. ज्याच्या तोंडून निघाले तेच प्रमाण, हे शब्दप्रामाण्य. आणि ज्याला ते प्रमाण लागू करायचे त्याला वाचण्याचीच बंदी, ही त्याची दुसरी बाजू. ज्याला पोथीला हात लावू द्यायचा नाही त्याला 'पोथीत आहे' म्हणून सांगितले की काम भागते. तो पडताळणार कसा? म्हणून आमच्या लोकांनी जेव्हा पहिल्यांदा लेखणी हातात घेतली तेव्हा उत्तरे देण्याआधी त्यांनी प्रश्न विचारले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली आणि स्पृश्यांपुढे २६ प्रश्न ठेवले. मागणाऱ्याच्या जागी पिढ्यान् पिढ्या बसलेल्यांना कोणीतरी पहिल्यांदाच देणाऱ्याच्या जागी बसवले. दलित साहित्याचा आरंभ शोधणारे कविता पाहतात, कथा पाहतात. मला तो या प्रश्नावलीत दिसतो. असो.

शिवेच्या साक्षीकडे परत येतो, कारण त्या सभेत पान सांगता आले नाही तरी ती गोष्ट खरी होती आणि माझ्या घरातली होती. माझे पणजोबा गावचे कोतवाल होते. आजोबा सांगत, दोन गावांचा शिवेवरून तंटा लागला की दोन्हीकडचे पाटील, कुलकर्णी कागद घेऊन येत, पण शेवटी महाराला पुढे करत. तो चालत जाई आणि तो चालेल ती शीव. रसेल आणि हिरालाल यांच्या चौथ्या खंडात महारांवरच्या प्रकरणात हेच नोंदवलेले आहे, की गावच्या शिवेबद्दल आणि रीतीबद्दल महाराला विचारले जाई. त्यावरून महार हे गावचे सर्वांत जुने रहिवासी असावेत असाही तर्क तिथे केला आहे. ज्या माणसाला गावात घर बांधू देत नव्हते त्याच्या शब्दावर गाव कुठे संपते ते ठरत होते. तो स्वतःच पुरावा होता. पण त्याच्या शब्दाची किंमत शिवेपुरती होती. शिवेच्या आत पाऊल टाकले की तोच शब्द विटाळ होई.

आजोबा आणखी एक गोष्ट सांगत, ती महाराष्ट्रभर सगळ्या महारवाड्यांत सांगितली गेलेली आहे. बेदरच्या बादशहाने महारांना बावन हक्कांची सनद दिली, ती अमृतनाकाच्या इमानाचे बक्षीस म्हणून. आजोबांना ती सनद कोणी दाखवली नव्हती. त्यांच्या बापालाही नाही. पण 'सनद आहे' हे त्यांना सूर्य आहे इतके ठाऊक होते. लहानपणी मी ही गोष्ट अभिमानाने ऐकली. महाविद्यालयात गेल्यावर मला तिची लाज वाटली, कारण तोवर मी पुरावा मागायला शिकलो होतो. ही लाज आमच्या पिढीतल्या पहिल्या पदवीधरांना फार वाटते. शिकलेला मुलगा घरी येतो आणि म्हाताऱ्याच्या गोष्टीला 'दंतकथा' म्हणून बाजूला सारतो.

बाबासाहेबांनी तसे केले नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात ते याच बेदरच्या सनदेपाशी थांबले आहेत. महारांची ही परंपरा त्यांनी नोंदवली. तिच्यापुढे मान तुकवली नाही आणि तिला झिडकारलेही नाही. ते तिची उलटतपासणी घेतात. बेदरच्या राजांनी हे हक्क दिले असे सांगतात त्याचा अर्थ एवढाच होऊ शकतो की हक्क त्याहून फार जुने होते आणि बेदरच्या राजांनी ते केवळ कायम केले, असा निष्कर्ष ते काढतात. दारोदार भाकर गोळा करण्याचा हक्क, खळ्यावर धान्याचा हक्क आणि मेलेल्या जनावरावरचा हक्क या तिन्हींकडे बोट दाखवून ते विचारतात की गावकुसाबाहेर राहून पहारा करणाऱ्या माणसांशी गावाने कधीतरी केलेल्या कराराची ही खूण नव्हे काय? मग आयर्लंडमधले फुइधिर आणि वेल्समधले आल्टुड हे परके, टोळीतून फुटलेले लोक तिथल्या गावांच्या कडेला कसे वसवले गेले याचा दाखला देऊन ते आपल्या 'वाताहत झालेल्या माणसां'च्या सिद्धांताला टेकू देतात. सिद्धांत कोणाला पटो न पटो. त्यावर वाद आहेत आणि ते झाले पाहिजेत. मला महत्त्वाची वाटते ती रीत. माझ्या आजोबांचे तोंडचे बोल आणि वेल्सचा कायदा एकाच पानावर साक्षीला उभे केले गेले आणि दोघांनाही सारख्याच कसोटीने तपासले गेले. प्रस्तावनेत ते हेही मोकळेपणाने कबूल करतात की दुवे तुटलेले आहेत, आणि जिथे कागद बोलत नाही तिथे इतिहासकाराला तर्काने पूल बांधावा लागतो. हा तर्क आहे, हा पुरावा आहे, असे वेगळे करून सांगणारा माणूस वाचकाला पडताळण्याची मुभा देतो. आदल्या दिवशीचे आमचे वक्ते ती मुभा देत नव्हते.

हा प्रश्न पुस्तकात राहिला असता तर तो विद्वानांचा प्रश्न झाला असता. तो पाण्यापर्यंत गेला. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जे लोक चालत गेले ते नुसत्या आवेशाने गेले नव्हते. त्यांच्याजवळ कागद होता. मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झालेला सी. के. बोले यांचा ठराव होता आणि त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने केलेला ठराव होता. इतिहास शिकवताना आपण ओंजळीतल्या पाण्याचे चित्र रंगवतो, पण त्या ओंजळीमागच्या दोन छापील ठरावांचे नाव क्वचितच घेतो. स्पृश्यांनी तळे पंचगव्याच्या १०८ घागरींनी 'शुद्ध' केले, आणि डिसेंबर १९२७ मध्ये, दुसरी परिषद भरण्याच्या तोंडावर, न्यायालयात दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की तळे आमचे आहे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आलेली आहे.

दहा वर्षे हा खटला चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला. त्याचे मर्म एका ओळीत सांगता येते. प्रथा अनादी आहे असे म्हणणाऱ्यांनी ती अनादी असल्याचे सिद्ध केले पाहिजे, आणि ते त्यांना करता आले नाही. तळे नगरपालिकेचे ठरले, अपील फेटाळले गेले.

या निकालाचा पाण्यावरचा परिणाम सर्वांना ठाऊक आहे. त्यात पुराव्याच्या ओझ्याची अदलाबदल झाली, हे मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. 'पूर्वापार चालत आले आहे' हे वाक्य या देशात सर्वांत जास्त वेळा उच्चारले गेलेले आणि सर्वांत कमी वेळा तपासले गेलेले वाक्य असेल. त्या वाक्याला कोणी तरी अधिकाराने विचारले, कधीपासून? आणि वाक्य गप्प झाले. माझ्या वहीतल्या दुसऱ्या रकान्यात पलीकडच्या बाजूची एक रेघ पडली, असे मी वर्गात सांगतो. मुले हसतात, पण त्यांना कळते.

त्याच्या आदल्याच वर्षी दुसरा एक वाद झाला होता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणाचा मसुदा पाहिला आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण १९३६ च्या मे महिन्यात स्वखर्चाने छापले. जुलैमध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्याचा परामर्श घेतला. त्यांचा एक आक्षेप असा की डॉ. आंबेडकरांनी जी वचने उद्धृत केली ती अस्सल नाहीत. बाबासाहेबांनी दिलेले उत्तर मी दर वर्षी पदवीच्या वर्गात वाचायला लावतो. आपण या विषयातले अधिकारी नाही हे त्यांनी आधी मान्य केले, आणि मग सांगितले की ही वचने मी लोकमान्य टिळकांच्या लेखनातून घेतली आहेत! संस्कृतचे आणि हिंदू शास्त्रांचे ज्ञाते म्हणून ज्यांचा अधिकार कोणी नाकारणार नाही त्यांच्याच लेखनातून. महाराने दिलेले वचन अस्सल नसते; तेच टिळकांनी दिले की असते. आधाराची किंमत आधारावर ठरत नाही, देणाऱ्यावर ठरते, ही या व्यवस्थेची गुपित रीत त्या एका वाक्याने चव्हाट्यावर आणली.

पण त्या उत्तराचा पुढचा भाग मला अधिक खोल वाटतो. बाबासाहेब म्हणतात, अस्सल वचन कोणते आणि प्रक्षिप्त कोणते याने सामान्य माणसाला काय फरक पडतो? त्याने ग्रंथ वाचलेले नाहीत. त्याला जे सांगितले गेले ते तो मानतो, आणि त्याला सांगितले गेले आहे की शिवाशिव पाळणे हा धर्म आहे. म्हणजे नुसत्या आधाराने माणूस बदलेल या भ्रमात ते नव्हते. तरीही ते आयुष्यभर आधार देत राहिले. आणि आधार दिल्याने सुटका होतेच असेही नाही. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र वाङ्मयाचा चौथा खंड, 'हिंदू धर्मातील कोडी', प्रसिद्ध केला तेव्हा राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टावरून गदारोळ उठला. त्या प्रकरणात त्यांनी वाल्मीकी रामायणाचाच आधार घेतला होता. गदारोळात वाल्मीकी उघडून पाहणारे किती होते ते वर्तमानपत्रांच्या फायलींत शोधावे. परिशिष्ट वगळण्याचा निर्णय झाला, ५ फेब्रुवारी १९८८ ला मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला, आणि शेवटी परिशिष्ट राहिले, पण त्यातल्या मतांशी शासन सहमत नाही अशा आशयाची तळटीप त्याला जोडली गेली.

पुरावा मागणारा कोण आणि देणारा कोण, हे मला माझ्या हाडांतून कळले ते जातीच्या दाखल्याच्या पडताळणीच्या वेळी. अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्या घरात माझे वडील शाळेत गेलेले पहिले, आणि त्यांचा जन्म त्या तारखेनंतरचा. आजोबा शाळेत गेले नाहीत. जमीन नाही, म्हणून सातबारा नाही. एका कार्यालयातल्या बाबूने माझ्यासमोर कागद सरकवला आणि तो म्हणाला, "पुरावा आना, मंग बोला."

वऱ्हाडात अशा वेळी एकच दार उरते, ते कोतवाल बुकाचे. गावातल्या जन्ममृत्यूची वर्दी कोतवाल नेई आणि तिची नोंद त्या बुकात होई. माझ्या पणजोबांनी आयुष्यभर ही वर्दी दिली. ते बातमी नेत, लिहिणारा हात दुसऱ्याचा असे. तहसिलीच्या अभिलेख खोलीत बाइंडिंग सुटलेली, कडा खाल्लेली ती बुके मी दोन दिवस उलटीपालटी केली आणि १९४१ ची एक ओळ सापडली. बापाचे नाव पणजोबांचे. जात महार. अपत्य स्त्री. नाव नाही. ही आजोबांची धाकटी बहीण. ती वर्षभरही जगली नाही असे आजोबांनी मागून सांगितले. नाव ठेवले होते की नाही हेही त्यांना आठवले नाही. आपल्याच मुलीच्या जन्माची वर्दी द्यायला बाप चालत गेला, त्या ओळीवर त्याचा पणतू प्राध्यापक झाला.

आणि त्या ओळीत लिहिलेली जात आम्ही १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला सोडून आलो होतो. आजोबा त्या गर्दीत होते. ज्या नावातून सुटण्यासाठी ते गेले ते नाव आपले होते हे सिद्ध करण्यासाठी त्यांचा नातू बुके धुंडाळत होता. पडताळणीच्या कायद्यात, २००१ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ मध्ये, आठवे कलम आहे: पुराव्याचे ओझे दावा करणाऱ्यावर. हे कलम का आले ते मला ठाऊक आहे. खोटे दाखले काढून आमच्या जागा गिळणारे होते आणि आहेत, त्यांना असेच पकडावे लागते. कायद्याशी माझे भांडण नाही. पण महाडच्या निकालाशेजारी हे कलम ठेवून पाहावे. स्पृश्यता कोणाला कधी सिद्ध करावी लागत नाही. तिचे बुक नसते.

आता जे लिहायचे ते लिहायला अवघड आहे. दुसऱ्याच्या रकान्यांवर बोट ठेवणे सोपे असते.

बुलढाणा जिल्हा हा जिजाऊंचा जिल्हा. सिंदखेड राजा इथलेच. जेम्स लेन यांच्या २००३ च्या पुस्तकात जिजाऊंविषयी एक हीन विधान आले. त्याला कागद नव्हता, 'लोक असे विनोदाने म्हणतात' एवढाच त्याचा आधार. विद्यापीठात शिकवणाऱ्या माणसाने हे छापावे याची चीड इकडच्या प्रत्येक घरात आली, आणि ती रास्त होती. पण ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. कपाटे फोडली गेली, हस्तलिखिते आणि पुस्तके विसकटली, फाडली गेली. ज्याने आधार दिला नाही त्याला 'आधार दाखव' म्हणून चारी मुंड्या चीत करता आले असते. त्याऐवजी जिथे आधार ठेवलेले असतात ती जागाच फोडली. मी तेव्हा शाळेत होतो आणि गावातल्या इतर मुलांसारखा मलाही आनंद झाला होता. हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि आमच्या वस्तीत? माझी वही तिथेही गेली. १४ एप्रिलच्या सभा, ६ डिसेंबरच्या सभा, वर्षावासातले ग्रंथवाचन. तिथे दोन्ही रकाने कोरे राहिले. कोणी आधार देत नाही आणि कोणी मागतही नाही. 'बाबासाहेब म्हणतात' हे दोन शब्द आले की काम होते. मला ओळखीचे वाटले ते. 'शास्त्रात आहे' या दोन शब्दांचे काम याहून वेगळे काय होते?

यात मीही होतो. वर्षानुवर्षे मी व्यासपीठावरून 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा बाबासाहेबांचा संदेश सांगत आलो, आणि त्याच्या क्रमावर चांगले अर्धा तास बोलत आलो. आधी शिक्षण, मग संघटना, आणि संघटना झाल्यावरच संघर्ष. क्रम मोडला की चळवळ मोडते, अशी माझी मांडणी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी तास संपल्यावर टेबलापाशी आली. शेतमजुराची मुलगी, रोज एस.टी.ने येणारी. म्हणाली, "सर, तुमीच म्हनता कुठं लिहेल हाये ते पाहा. हे कोन्त्या भाषनात हाये?"

मी म्हणालो, उद्या सांगतो. उद्याचे पंधरा दिवस झाले. जुलै १९४२ च्या नागपूरच्या परिषदेतले त्यांचे इंग्रजी भाषण काढून वाचले तेव्हा दिसले की तिथे क्रम वेगळा आहे. एज्युकेट, ॲजिटेट अँड ऑर्गनाइज. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे ब्रीदही त्याच क्रमाचे. मधला शब्द दुसऱ्या जागी आहे, आणि त्याचा अर्थ नुसता रस्त्यावरचा संघर्ष असा नाही. मने ढवळणे, चेतवणे, स्वस्थ बसू न देणे, असाही आहे. म्हणजे आधी मन अस्वस्थ होते आणि त्या अस्वस्थतेतून माणसे एकत्र येतात. माझे अर्ध्या तासाचे भाषण भाषांतराच्या क्रमावर उभे होते. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सांगितले. काही मुलांना ते आवडले नाही. संध्याकाळी वस्तीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते घरी आले. नामांतराच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्लेल्या आहेत. मी त्यांना दादा म्हणतो. दादा म्हणाले, "लोकं आपल्याले पुरावा मागतात ते कमी हाये का? आता आपल्या पोरी बाबासाहेबाले पुरावा मागतीन?"

दादांचे म्हणणे मी उडवून लावू शकत नाही. ज्यांना जन्मभर दुसऱ्यांनी पुरावा मागितला त्यांना घरात तरी विश्वासाची एक जागा हवी असते. पण मी त्यांना भदंत आनंद कौसल्यायन यांची गोष्ट सांगितली. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात तळटिपा नाहीत. आधार न देता लिहिले म्हणून परंपरावादी बौद्ध टीकाकारांनी त्यावर झोड उठवली. भदंतजींनी त्याचा हिंदी अनुवाद केला तेव्हा त्यांनी रागावून उत्तर दिले नाही. मूळ पाली वचने शोधत ते एकेक आधार लावत गेले. त्यांना बाबासाहेबांवर श्रद्धा नव्हती असे कोण म्हणेल? ऐकले म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा आपला गुरू सांगतो म्हणूनही मानू नका, हे केसपुत्ताच्या कालामांना सांगणारा बुद्धच होता. पुढे दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानली. शब्दाला स्वतंत्र प्रमाणाची जागा त्यांनी दिली नाही. जो धम्म आपण घेतला त्याची ही रीत आहे.

दादा ऐकत होते. "थे ठीक हाये," म्हणाले, "पन पोरीनं आधी मले इचाराले पायजे होतं." मग चहा झाला.

त्यानंतरच्या १४ एप्रिलला मंडळाच्या पोरांनी बॅनरवरचा मजकूर माझ्याकडून तपासून घ्यायचे ठरवले. हे त्या मुलीचे काम. ती आता मंडळात आहे. मी प्रत्येक वचनाखाली भाषणाचे गाव आणि साल लिहून दिले. एक वचन सापडले नाही म्हणून काढायला सांगितले. पोरे कुरकुरली, पण काढले. बॅनरवाल्याने संगणकावर मजकूर बसवला आणि म्हणाला, "सर, गाव अन् साल टाकतो, पन मंग खाली जागा राह्यत नाही. देनगीदाराईचे दोन-चार फोटो कमी करा." त्यावर मात्र मंडळाची बैठक रात्री अकरापर्यंत चालली.